गोचीडकाकाजी

बडनेऱ्याच्या आमच्या कॉलनीत गोचीडकाकाजी कुणाच्याही घरी गेले, की चपला काढून आधी भिंतीवरचं कॅलेंडर उचलून त्याच्या मागे पाहत. मग नमस्कार. मग घरातल्या कुत्र्याच्या पुढच्या पायांची बोटं फाकवून बघणं आणि त्याच्या कानात डोकावणं. एवढं सगळं उरकलं की मग माणसांची विचारपूस, तीही आठवण राहिली तर. माझ्या लग्नाची पत्रिका घेऊन आईबाबा त्यांच्याकडे गेले, तेव्हा पत्रिका हातात धरून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, "जावयाकडे कुत्रं हाय का?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा काही उतरला, की स्थळात खोट आहे आणि काकाजींना ती आधीपासून माहीत आहे, असं आईला दोन दिवस वाटत राहिलं.

काकाजी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं आणि डॉक्टर सुई टोचत असताना जनावर धरून ठेवणं, यात त्यांची तीसेक वर्षं गेली. निवृत्त होऊन त्यांनी आमच्या मागच्या गल्लीत घर बांधलं. बैल, म्हशी मागे राहिल्या. कॉलनीत होती ती फक्त कुत्री, त्यामुळे त्यांचा सगळा जीव गोचिडांवर एकवटला. 'गोचीडकाकाजी' हे नाव त्यांच्या तोंडावर कुणी घेत नसे, पण त्यांना ते पक्कं माहीत होतं. एकदा गणेश मंडळाच्या आमंत्रणाच्या पाकिटावर कुणीतरी मुद्दाम तेवढंच नाव लिहून टाकलं. काकीजी संतापल्या. काकाजींनी मात्र ते पाकीट कपाटात जपून ठेवलं. "घर नंबर नव्हता त्याच्यावर, तरी पोचलं ना," एवढंच म्हणाले.

पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, काकाजी चिमटा ठेवत. भुवया कोरायचा, बांगड्यांच्या दुकानातून घेतलेला. "काकीजींसाठी का?" असं दुकानदारानं विचारलं, तेव्हा "नाही, मलेच लागते" असं सरळ उत्तर देऊन ते निघून आले आणि पुढचा महिनाभर ती गोष्ट बाजारात फिरत राहिली. दुसऱ्या खिशात टॉर्च असे आणि खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली, तिच्यात साबणाचं पाणी. कुत्र्याच्या अंगावरून काढलेला गोचीड त्या पाण्यात जाई. एकदा बाटली फ्रिजवर राहिली आणि घरी आलेल्या एका खोकणाऱ्या पाहुण्यानं ती चमच्यात ओतायला घेतली. त्या दिवसापासून काकीजींनी बाटलीला उंबरठ्याच्या आत बंदी केली. ती मोगऱ्याच्या कुंडीत मुक्कामाला गेली.

गोचीड कसा काढायचा, यावर त्यांचं शास्त्र ठाम होतं. केस बाजूला सारायचे, चिमटा कातडीला टेकवायचा, गोचिडाला तोंडाजवळ धरायचं आणि सरळ, सावकाश ओढायचं. पिळायचं नाही, झटका द्यायचा नाही, आणि नखानं फोडायचं तर मुळीच नाही. रॉकेलचा बोळा, पेटती अगरबत्ती, सीताफळाच्या बियांची पूड असले उपाय करणाऱ्यांवर त्यांचा खास राग. शेजारच्या एका निवृत्त गार्डसाहेबांनी कुत्र्याला तंबाखूच्या पाण्यानं आंघोळ घालायचा बेत केला. बादली अंगणात आली आणि काकाजी फाटकात उभे. म्हणाले, "आधी तुमी करा आंघोळ." गार्डसाहेब म्हणाले, "मी काहून करू? मी तं खातो." काकाजी म्हणाले, "मंग त्याले इचारा, तो खाते का." बादली नालीत रिकामी झाली. पुढे चार महिने गार्डसाहेब काकाजींना पाहून रस्ता बदलत.

पण त्यांना खरं वेड होतं ते भिंतीचं. "कुत्र्यावर दिसते ते पाहुने. जेवाले येतात, जेवून जातात. घरवाले भिंतीत राह्यतात," असं ते म्हणत. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्यावरून खाली उतरते, भिंत चढते, एखाद्या फटीत शिरून हजारो अंडी घालते आणि तिथंच मरते, हे ते इतक्या कौतुकानं सांगत, की ऐकणाऱ्याला त्या मादीची कणव यावी. कुणी कुत्रा दाखवायला आणला, की ते त्याचं अंग तपासत आणि म्हणत, "चाल, आता घर दाखव." मग थापी, पांढरं सिमेंट आणि करवतीचं जुनं पातं घेऊन ते त्या घरात शिरत, फटी कोरत, फटी भरत. कुत्र्याचा इलाज करायला बोलावला आन् भिंत लिंपून गेला, अशी त्यांची ख्याती होती. गोळी किंवा इंजेक्शन मात्र ते चुकूनही सुचवत नसत. "ते डॉक्टरचं काम. डॉक्टर पाह्यते, मी धरतो."

आमच्याकडे टीसी होता. बाबा रेल्वेत होते. बडनेऱ्याच्या फलाटावर एक तांबूस पिल्लू थांबलेल्या गाडीच्या प्रत्येक दाराशी जाऊन आत डोकवायचं. बाबांनी ते घरी आणलं आणि नाव ठेवलं टीसी. घरी आल्यावरही आल्यागेल्याची झडती घेतल्याशिवाय तो कुणाला पुढे जाऊ देत नसे. पुढे बाबा अचानक गेले. मी लग्न होऊन अकोल्याला जठारपेठेत राहायला गेले होते. दादा नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात पाळ्या करायचा. दिवसभर घरात आई आणि टीसी, दोघंच. आई त्याच्याशी बोलायची, म्हणजे बाबांच्या तक्रारी त्याच्याकडे करायची. तो सगळं ऐकून घ्यायचा. बाबांनी तेवढंही कधी ऐकून घेतलं नव्हतं.

मला पाचवा महिना लागला, तेव्हा माझ्या सासूबाई आईशी बोलणी करायला बडनेऱ्याला आल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज, म्हणून ही भेट. सासूबाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या होत्या, पण त्या खोलीत आल्या की माणसं अजूनही आपोआप ताठ बसत. त्या बाबांच्या फोटोखालच्या दिवाणावर बसल्या. चहाचा दुसरा घोट घेतला आणि वरून त्यांच्या पांढऱ्या पदरावर काहीतरी पडलं. राखाडी, गोल, गुळगुळीत. "हे काय?" त्यांनी विचारलं. आईचं तोंड पांढरं पडलं, पण जीभ शाबूत होती. "एरंडीचं बी असन, इनबाई. मांगं झाड हाय." सासूबाईंनी चष्मा नीट केला आणि वाकून पाहिलं. बी चालायला लागलं.

सासूबाई आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी पदर झटकला, चहा संपवला, कप बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "सातव्या महिन्यात ओटी भरायला मी येईनच. तेव्हा घर पाहीन. हे प्राणी घरात असले, तर बाळंतपण अकोल्याला होईल. नाहीतर कुत्रा दुसरीकडे द्या. काय करायचं ते तुम्ही ठरवा." वाईट याचं वाटत होतं, की त्यांचं काही चुकत नव्हतं. तान्ह्या बाळाच्या घरात गोचीड कुणाला चालतील? पण आईला दोन्हींतलं काहीच सोडता येत नव्हतं. लेकीचं पहिलं बाळंतपण आपल्या हातून व्हावं, म्हणून माझ्या लग्नापासून ती जुनी मऊ लुगडी साठवत होती. आणि टीसीला बाबांनी आणलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती काकाजींच्या दारात जाऊन रडली. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "वैनी, तो पडला कोठून? फोटोच्या मांगून का छतावरून?"

त्या रविवारपासून आमच्या घराची जी उलथापालथ सुरू झाली, ती मी दर पंधरा दिवसांनी अकोल्याहून येऊन पाहत होते. दिवाण बाहेर. शोकेस बाहेर. शोकेसमधली काचेची हरणं, माझ्या सासऱ्यांनी दिलेलं बंद घड्याळ, सगळं अंगणात उन्हाला. काकाजी गुडघ्यांवर बसून एकेक फट पात्यानं कोरायचे, निघालेली माती उकळत्या साबणाच्या पाण्यात टाकायचे आणि फट सिमेंटनं बुजवायचे. टीसीचं झोपायचं पोतं चुलीवर उकळलं गेलं. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी महिन्याच्या ठरलेल्या दिवशी आई त्याला गुळात घालून द्यायची. आवारात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग होता, मामांच्या शेतातल्या, आंघोळीचं पाणी तापवायला आणलेल्या. टीसी दुपारी त्याच्या सावलीला झोपायचा. काकाजींनी तो हलवायला लावला. आईनं खूप कुरकुर केली. ढीग हलला, मागची भिंत गोचिडांनी भरलेली दिसली आणि तीच आत जाऊन उकळतं पाणी घेऊन आली.

अडचण आली ती बाबांच्या फोटोपाशी. आईनं तो वर्षश्राद्धाच्या दिवशी लावला होता आणि त्याला कुणालाच हात लावू देत नव्हती. फोटोमागे मोठी फट आहे, हे काकाजींना टॉर्च मारून कळलं होतं. दादानं समजावलं, मी समजावलं, आई ऐकेना. मग काकाजी स्टूल घेऊन आले, फोटोसमोर उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, जरासे सरका. तुमच्या मांगं गर्दी झाली." आई हसली. बाबा गेल्यानंतर त्या भिंतीपाशी उभी राहून ती पहिल्यांदाच हसत होती. तिनं स्वतः फोटो उतरवला, पदरानं पुसला आणि काम होईपर्यंत मांडीवर घेऊन बसली.

महिना उलटला तरी एखाददुसरा गोचीड दिसायचाच. काकाजी म्हणायचे, "अंडी फुटून राह्यली. दम धरा." दादाला दम धरवेना. काकाजी भाच्याच्या लग्नाला अकोल्याला गेले, तो रविवार त्यानं साधला. मामांकडून कपाशीवर फवारायचं उरलेलं औषध आणलं, पंप पाठीवर घेतला, अंगण फवारलं, भिंती फवारल्या आणि शेवटी टीसीलाही धरून चिंब केलं. कपाशीच्या मुलखात वाढलेल्या माणसाचा त्या बाटलीवर देवापेक्षा जास्त विश्वास. शेतातली अळी मरते, मग घरातला गोचीड काय चीज आहे? पुण्याचा माणूस ही चूक करणार नाही, कारण त्याच्या घरात ती बाटलीच नसते.

अर्ध्या तासात टीसीच्या तोंडातून लाळ गळायला लागली आणि पाय थरथरायला लागले. दादानं मला फोन केला. त्याचा आवाज मी ओळखलाच नाही. काकाजी स्वतःजवळ मोबाइल ठेवत नसत, काकीजींचा पर्समध्ये बंद होता. मी ऑटो केला. "या अवस्थेत कुठे निघालीस?" असं सासूबाईंनी गॅलरीतून विचारलं, तोवर ऑटो वळला होता. दादानं सांगितलेल्या मंगल कार्यालयात काकाजी पंगतीत बसले होते, पुढ्यात जिलबी. मी फोन त्यांच्या कानाला लावला.

"काय मारलं? नाव वाच बाटलीवरचं," ते म्हणाले. दादा वाचत असावा. मग काकाजी एका लयीत बोलत गेले. "आधी आपल्या हातात पिशव्या घाल. भांड्याच्या साबनानं धू त्याले, थंड्या पान्यानं, पुन्हा पुन्हा. तोंडात काही घालू नोको. दूध नाही, ताक नाही, काही नाही. आन् दवाखान्यात जाताना बाटली संग ने. डॉक्टरले पह्यले बाटली दाखव, मंग कुत्रा दाखव. ऐकलं का? आपन काय केलं ते लपवू नोको." ताट तसंच टाकून ते उठले. मी त्यांना त्याच ऑटोनं स्टेशनावर सोडलं. रस्ताभर ते पाकानं चिकट झालेला हात रुमालाला पुसत होते, आणि हात केव्हाच कोरडा झाला होता. उतरताना म्हणाले, "तू आता तिकडे येऊ नोको, पोरी. घर धुऊन झाल्याबिगर त्या वासात पाय ठेवू नोको." मी घरी गेले. सासूबाई दारातच उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं, आणि सांगताना खूप रडले.

पुढचं मला दादानं सांगितलं. बाटली पाहिल्याबरोबर डॉक्टरांनी योग्य ते इंजेक्शन दिलं. दुपारच्या गाडीनं काकाजी पोचले, लग्नाच्या कपड्यांतच, आणि संध्याकाळपर्यंत टेबलावर टीसीला धरून उभे राहिले. थरथर थांबली, टीसीनं डोळे उघडून पाहिलं, तेव्हा ते बाहेरच्या बाकावर दादाशेजारी येऊन बसले. दादा वाट पाहत होता, केव्हा झाडतात याची. काकाजी म्हणाले, "माह्याकडे राजा होता. नोकरीचं पह्यलंच वर्ष. मीबी हेच केलं होतं, कपाशीचं औषध. डॉक्टरनं इचारलं, काय लावलं? मी म्हनलं, काही नाही. जनावराच्या दवाखान्यातला मानूस आन् असं करते, म्हनून शरम वाटली. डॉक्टरनं भलताच इलाज केला. खरं सांगतलं असतं तं वाचला असता राजा." मग म्हणाले, "तू बाटली दाखवली ना, झालं मंग. जाय, बस त्याच्याजवळ." इतक्या जणांचे कान-पाय तपासणाऱ्या या माणसाच्या घरी स्वतःचा कुत्रा का नाही, यावर कॉलनीत आम्ही कितीतरी विनोद केले होते. दादानं हे सांगितलं त्या दिवसापासून मी ते विनोद केले नाहीत.

घर तीन वेळा धुतलं, पुन्हा चुना लावला, आणि सातवा महिना आला. ओटीभरणाच्या दिवशी सासूबाई मला घेऊन आल्या; घर पसंत पडलं, तर मी तिथंच राहायचं होतं. टीसीनं झडती घेतली आणि त्यांना आत सोडलं. मग सासूबाईंनी घराची झडती घेतली. कॅलेंडरमागे पाहिलं, दिवाण सरकवायला लावला, बाबांचा फोटो आईनं स्वतः उतरवून दाखवला. काकाजी दाराशी उभे होते, निकालाच्या दिवशी वर्गाबाहेर उभ्या असलेल्या मुलासारखे, पॅन्टला सिमेंट लागलेलं. काहीही सापडलं नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात पुरणाचा हात घेऊन उभी होती, तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं हसू यायला लागलं होतं.

तेवढ्यात सासूबाई वळल्या आणि म्हणाल्या, "काकाजी, या घरात आता एकही गोचीड नाही, असं मी समजू ना?" अशा प्रश्नाला लहान मूलही 'हो' म्हणेल. आईनं मान हलवून खूण केली. दादा खाकरला. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा हो, एकदा म्हणा. काकाजींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला.

"नाही म्याडम, असं म्हनता येत नाही," ते म्हणाले. "एखादा राह्यला असन. उपाशी राहून महिनेन् महिने भिंतीत बसते तो. मी जेवढं पाह्यलं तेवढ्यात नाही, एवढंच सांगतो. लेकरू अठी आलं, तं रोज सकायी मी येईन. पायना पाहीन, बिछाना पाहीन. हे माह्या हातात हाय. एकबी नाही, हे माह्या हातात नाही."

आई खुर्चीवर बसली. पुरणाचा हात साडीला लागला तरी तिला कळलं नाही. दोन महिन्यांची मेहनत या माणसानं एका वाक्यात घालवली, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला काकाजींचा विलक्षण राग आला. सासूबाईंनी पाणी मागितलं. सगळं प्यायल्या. पेला खाली ठेवून म्हणाल्या, "बाळंतपण इथंच होऊ द्या." आणि ओटीचं ताट कुठे आहे, असं विचारून आत गेल्या.

हे कसं घडलं, यावर आमच्या घरात पुढे वर्षानुवर्षं वाद चालला. आईच्या मते सगळं श्रेय पुरणपोळीच्या वासाला. दादाच्या मते टीसीला, कारण नेमक्या त्या वेळी तो सासूबाईंच्या पायाशी येऊन बसला होता. काकाजींना विचारलं तर ते म्हणायचे, "म्याडमनं भिंत पाह्यली. लिंपन चांगलं झालं होतं."

मुलगी झाली. ती घरी आली त्या सकाळपासून काकाजी सातच्या ठोक्याला हजर. पाळण्याचे चारही पाय त्यांनी पाण्याच्या वाट्यांत उभे केले होते, मुंग्या लागू नयेत म्हणून आपण जाळीच्या कपाटाचे करतो तसे. ते आधी टॉर्च घेऊन पाळण्याखाली आडवे होत, मग भिंतीचे कोपरे, मग टीसी. बाळाकडे सगळं संपल्यावर पाहायचे, तेही लांबून, हात पाठीमागे बांधून. आई म्हणायची, "घ्या ना काकाजी मांडीवर." ते म्हणायचे, "नाही वैनी, मी आत्ताच टीसीले धरलं होतं." तीन महिने त्यांनी माझ्या लेकीला एकदाही हात लावला नाही आणि एकही सकाळ चुकवली नाही.

बारशाच्या सकाळी त्यांना एक सापडला. पाळण्यापासून लांब, खिडकीच्या चौकटीत, तिळाएवढा. सासूबाई दोन पावलांवर नातीचं झबलं घडी करत बसल्या होत्या. घरात पाहुणे, हलवाई आलेला, आणि काकाजींनी बाटली त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. "म्याडम, हा राह्यला होता." मी डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं. "मेला का?" त्यांनी विचारलं. "मरीन आता." सासूबाई म्हणाल्या, "बरं. चहा घेऊन जा." त्यानंतर मात्र पुन्हा कधी काही सापडलं नाही.

तीन महिन्यांनी मी लेकीला घेऊन अकोल्याला निघाले, तेव्हा काकाजी फाटकापर्यंत आले. लेकीला त्यांनी रुपया दिला नाही, झबलं दिलं नाही, नवा चिमटा दिला मला. "तिकडे कुत्रं नाही, मालूम हाय. पन असू दे." दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते पुन्हा आमच्या दारात. आई म्हणाली, "काकाजी, आता लेकरू गेलं ना." ते म्हणाले, "कुत्रं तं हाय ना," आणि टॉर्च लावून दिवाणाखाली शिरले. टीसी चांगला म्हातारा होऊन गेला, तोवर हा क्रम मोडला नाही.

यंदा पोळा झाला आणि चार दिवसांनी काकाजी गेले. सकाळी दादाचा फोन आला. मला कळत होतं, त्याला दवाखान्याबाहेरचा बाक आठवतोय. मी फोन ठेवला. माझी लेक शाळेत गेली होती. त्या माणसानं आपल्यासाठी काय केलं हे तिला धड माहीतही नाही, या विचारानं मला फार वाईट वाटलं.

सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी जुडी खाली ठेवली. मग इतक्या वर्षांत न विचारलेलं मी विचारलं. "आई, त्या दिवशी तुम्ही 'हो' कसं म्हणालात? पुरणपोळीमुळे का?"

त्या थोडं हसल्या. "घर स्वच्छ असणार हे मला ठाऊकच होतं. तपासणी आहे म्हटलं की शाळा चकचकीत होतेच, आयुष्यभर तेच पाहिलंय मी. म्हणून तर त्यांना विचारलं. 'एकही नाही' म्हणाले असते, तर नातवंड मी त्यांच्या भरवशावर ठेवलं नसतं."

त्यांनी पुन्हा जुडी हातात घेतली, पण निवडली नाही.

"तुझं परतीचं तिकीट माझ्या पर्समध्ये होतं," त्या म्हणाल्या.